गडदे सरांचं ‘बाय द वे’

गडदे सर निघाले म्हणजे निघाले, असं कधी व्हायचं नाही. शाळा सुटली की ते टेबलावरचं डस्टर कपाटात ठेवायचे, पिशवीत डबा आहे की नाही ते चाचपून बघायचे, “चला, येतो” म्हणून सगळ्यांवरून एकदा नजर फिरवायचे आणि दाराशी जायचे. एक पाय चपलेत गेलेला, दुसरा अजून ऑफिसच्या फरशीवर, अशा अवस्थेत ते मागे वळायचे. “बाय द वे...” म्हणायचे. आणि मग दिवसभरात जिचा साधा उच्चारही त्यांनी केलेला नसायचा, अशी एखादी गोष्ट सांगून टाकायचे.

मुलीचं लग्न जमल्याचं आम्हाला असंच कळलं. हृदयाचं दुखणंही असंच. दिवसभर ते सहावीच्या पोरींच्या कबड्डीबद्दल बोलत बसले होते, कोणाची पकड चांगली आणि कोण उगाच दम घालवते वगैरे. निघताना चपलेत पाय घालून म्हणाले, “बाय द वे हेडसर, उद्यापासून धा-बारा दिवस मी न्हाई. छातीत जाळी बसवायला सांगितलंय डॉक्टरनं.”

हेडसरांच्या हातातला चहा बशीत सांडला. “अहो गडदे, हे आत्ता सांगायलात? सकाळधरनं कबड्डी कबड्डी करायलात नुसतं!”

“ते बी सांगायचंच होतं की,” सर म्हणाले, आणि दुसरी चप्पल घालून गेले.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते आठवी. बोरीला उतरायचं आणि तिथून जीपने आत जायचं. जीप भरेपर्यंत हलायची नाही, आणि भरली की श्वास घ्यायला जागा उरायची नाही. सर आणि मी दोघंही परभणीहून येणारे. ते इंग्रजीचे, मी मराठीची, पण सरकारदरबारी आम्ही दोघंही ‘भाषा’ याच एका खात्यात मोडायचो. सकाळच्या एस.टी.त त्यांचा रुमाल खिडकीतून आत पडायचा आणि माझी जागा धरली जायची. सात वर्षं मी त्या रुमालावर बसून प्रवास केला. माणसावर विश्वास बसायला याहून मोठं काही लागत नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

सर मेंढपाळाच्या घरातले. वडिलांची मेंढरं होती, आणि दहावीपर्यंत प्रत्येक सुट्टी सरांनी कळपामागे चालण्यात घालवलेली. इंग्रजी त्यांना कुठून लागलं, हे त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. कुठल्याशा गावात कळप बसलेला असताना तिथल्या मास्तरांनी एक फाटकी डिक्शनरी दिली, एवढंच ते सांगायचे. उच्चार त्यांचे अस्सल परभणीचे होते. ते लपवायचा प्रयत्न त्यांनी कधी केला नाही. मुलांना म्हणायचे, “इंग्रज आपल्याला पास करणार न्हाई. आपल्याला समोरच्याला कळलं म्हंजे झालं.”

त्यांचा ‘बाय द वे’चा पाठ हा आमच्या शाळेत बघण्यासारखा कार्यक्रम होता. दरवर्षी सातवीला व्हायचा. मला तास नसला की मी मागच्या बाकावर जाऊन बसायची.

आधी तीन पोरं उभी करायचे. एकाला सांगायचे, दारापासून फळ्यापर्यंत चाल. “हा कुठं हाय? रस्त्यात हाय. ऑन द वे.” दुसऱ्याला त्याच्यापुढे आडवा उभा करायचे. “हा बगा, दगडावानी मधी उभारलाय. हा इन द वे. आडवा आला.” मग चालणाऱ्याच्या जोडीला तिसरी एखादी पोरगी द्यायचे आणि दोघांना बाजाराच्या गप्पा मारत चालायला लावायचे. टमाट्याचा भाव, आईनं काय आणायला सांगितलं, असलं काही. तेवढ्यात त्या पोरीनं म्हणायचं, “बाय द वे, तुझी नवी सायकल लय भारी हाय.” आणि परत टमाट्यावर यायचं.

“कळलं का?” सर विचारायचे. “बोलणं चाललंय बाजाराचं. सायकल मधीच आली आन् गेली. बोलण्याच्या रस्त्याला लागून जे सापडतं, ते बाय द वे. मराठीत आपण म्हणतो, ‘बरं, ते जाऊ द्या’, न्हाईतर ‘आता विषय निघालाच हाय म्हणून सांगतो’.”

मग हमखास मेंढरं यायची. “आमचा कळप गावाला चाललेला असतो. मेंढरू चालता चालता बांधावरचं गवत तोंडात घेतं, थांबत न्हाई. ते झालं बाय द वे. पण एखादा मेंढक्या असतो, तो मुद्दाम कळप दुसऱ्याच्या हरभऱ्यात घालतो आन् मालक आला की म्हणतो, ‘पाटील, जाता जाता तोंड लावलं हो.’ त्याचं जाता जाता खोटं असतं. त्याला हरभराच खायचा असतो.”

पोरं हसायची. सर फळ्यावर वाक्य लिहायचे, बाय द वे वाक्याच्या सुरुवातीला, पुढे स्वल्पविराम. अर्जात हे लिहायचं नाही, पेपरात निबंधाला लावायचं नाही, तोंडी बोलण्यात खुशाल वापरायचं. आणि शेवटचा नियम ते खडू खाली ठेवून सांगायचे. “बाय द वे म्हणलं की समोरच्याला वाटतं, आता येतंय ते हलकं हाय. म्हणून जड गोष्टीच्या आधी ते लावायचं न्हाई. कुणाच्या घरी मयत झालं तर ‘बाय द वे, तुझा आजा गेला’ असं म्हणाल का?”

एका वर्षी एका पोरीनं हात वर केला. जीभ दातात धरून विचारलं, “सर, मंग तुमी काहून लावता? ऑपरेशनच्या आधी बी तुमी तसंच म्हणले होते.”

मला वाटलं, आता पोरीचं काही खरं नाही. सर मात्र हसले. गाल खाजवत म्हणाले, “मला जड बोलता येत न्हाई बाळा. लहानपणापासनं जमलं न्हाई. तुमी माझ्यासारखं करू नका.”

त्यांच्या या पाठाची लागण हेडसरांनाही झाली होती. एकदा बाहेरच्या राज्यातले कुणी पाहुणे शाळा बघायला आले. हेडसरांनी आठ दिवस आधी गडदे सरांकडून चार वाक्यं पाठ करून घेतली. पाहुणे जीपमधून उतरले, हेडसरांनी हार घातला, आणि ऐनवेळी चारही वाक्यं हवेत गेली. जे तोंडात आलं ते म्हणजे, “बाय द वे, वेलकम सर!” पाहुणे पोट धरून हसले आणि नंतर दिवसभर फार मोकळेपणानं वागले. ते गेल्यावर गडदे सर म्हणाले, “हेडसर, पाव्हणा काय आपल्याला वाटंत सापडला व्हता का?” हेडसरांनी त्यांच्या अंगावर हाराची पाकळी फेकून मारली. अशी आमची शाळा होती. मला तिथून निघायची इच्छा नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवते. निघायची पाळी आईमुळे आली.

आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी आठवीच्या वर्गावर होते. फोन शेजारच्या नर्मदामावशींचा. मी खडू हातात घेऊनच व्हरांड्यात आले आणि मला पुढे काय करायचं ते सुचेना. गडदे सरांनी गावातल्या एकाची गाडी काढायला लावली, मला बसवलं आणि स्वतः पुढे बसले. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात त्यांनी दोन दिवस काढले. शाळेत त्यांची रजा पडली. मी म्हटलं, सर, तुम्ही जा आता. ते जायला उठले, चपलेत पाय घातला आणि वळले. “बाय द वे, मी तुमच्या आईला आक्का म्हणलं तर चालंल का? आन् तुमाला ताई?”

मी एकुलती एक. लग्न केलं नाही, वडील कधीच गेलेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मान हलवली. त्या दिवसापासून मी ‘पाठक मॅडम’ची ‘ताई’ झाले. सर महिन्यातून एखादा रविवार घरी यायचे. त्यांच्या आईनं विणलेली घोंगडी आईच्या पायावर टाकायला आणली. आईची जीभ जड झाली होती, पण सर आले की ती हसायची आणि डाव्या हातानं त्यांना बस म्हणून खूण करायची.

आईचा उजवा हात गेला तो गेलाच. सकाळी आठला मी तिला चहा-पोळी भरवून घराबाहेर पडायची ती संध्याकाळी सहाला परत. दुपारी नर्मदामावशी येऊन भरवायच्या. मावशी प्रेमळ, पण त्यांचेही गुडघे गेलेले आणि हात थरथरता. कधी यायच्या, कधी नाही. आईला त्यांच्या हातून जेवायची लाज वाटायची. तोंड मिटून भिंतीकडे वळायची. मी संध्याकाळी यायची तेव्हा झाकलेलं ताट तसंच असायचं, वरणावर साय धरलेली. ते ताट बघण्याची मला धास्ती बसली होती. आई वाळत चालली होती.

अशात ऑनलाइन बदल्या निघाल्या. बदलीच्या दिवसांत शिक्षकांची काय अवस्था होते, हे ज्याच्या घरात शिक्षक आहे त्याला सांगायला नको. रिकाम्या शाळांची यादी येते. त्यातल्या गावांचे पसंतीक्रम भरायचे असतात, आणि एकाच गावावर दोघांनी हक्क सांगितला तर ज्याची सेवा जास्त त्याला ते मिळतं. म्हणून आमच्याकडे एक रिवाज पडला आहे. फॉर्म भरण्याआधी ओळखीचे लोक आपसात बोलून घेतात. तू हे भरू नकोस, मी ते भरत नाही. याला कागद नाही, सही नाही. जबान दिली की दिली. आणि ती मोडल्याचं मी आमच्या तालुक्यात तरी ऐकलं नव्हतं.

यादीत परभणीच्या रेल्वे फाटकाजवळची एक शाळा होती. भाषेची एकच जागा. माझ्या घरापासून पायी दहा मिनिटं. मला तिथे दुसरं काही नको होतं. दीड वाजता मधली सुट्टी झाली की घरी जायचं, आईला माझ्या हातानं दोन घास भरवायचे आणि सव्वादोनला परत यायचं. तो रस्ता मी मनातल्या मनात कितीदा चालून आले होते. किराणा दुकान, पिठाची गिरणी, आमची गल्ली.

त्या जागेवर माझ्यापेक्षा जास्त सेवा असलेले एकच होते, गडदे सर. मी विचारायच्या आधी त्यांनीच विषय काढला. एस.टी.त, खिडकीकडे बघत. “ताई, फाटकाजवळची तुमीच घ्या. मी भरत न्हाई.”

मी म्हटलं, “सर, तुमचंही घर तिकडेच आहे. तुमची तब्येत...”

“माझं काय, मी चालणारा माणूस हाय. आक्काचं बगा आधी.”

फॉर्म भरायला अर्धा तालुका सरांकडे यायचा, कारण ते इंग्रजी सूचना न चुकता वाचायचे आणि त्यांना घाई नसायची. माझा फॉर्म त्यांनी शाळेच्या संगणकावर बसून, माझ्यासमोर भरला. मोबाइलवर आलेला आकडा मी वाचून दाखवला. पहिल्या नंबरला फाटकाजवळची शाळा टाकली. दुसऱ्या नंबरला मी पोखर्णीच्या रस्त्यावरची एक शाळा सांगितली. ती काही पायी अंतरावर नव्हती, पण रिक्षाने अर्ध्या तासात घरी येता आलं असतं. सर थांबले. “ती कशाला टाकता ताई? त्या मानवतच्या मॅडमला ती पायजेल, तिचं लेकरू लहान हाय. तुमची पहिलीच पक्की हाय. दोन जागी जीव कशाला टांगता?”

मी ती काढली. नंतर सरांनी खुर्ची सरकवली आणि म्हणाले, “माझा फॉर्म बगायचा का? मी अजून भरला न्हाई, पण उद्या भरताना तुमी बसा शेजारी.”

मी म्हटलं, “काहीतरीच काय सर!” मला खरोखर लाज वाटली. भावाचा कागद तपासायचा? इथे मी चुकले. आमच्या लोकांत ही चूक सगळे करतात. जिथे डोळ्यांनी बघायला हवं तिथे भिडेखातर मान फिरवतो, आणि वर त्याला चांगुलपणा म्हणतो.

फॉर्म भरायची मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. शाळा सुटली. सरांनी डस्टर ठेवलं, डबा चाचपला. ऑफिसात मी एकटीच वह्या तपासत होते. ते दाराशी गेले, चपलेत पाय घातला आणि वळले.

“बाय द वे मॅडम, फाटकाजवळची मी भरलीय. पहिल्या नंबरला.”

मला आधी फक्त ‘मॅडम’ ऐकू आलं. ताई म्हणायला लागल्यापासून तीन वर्षांत ते मला पहिल्यांदा मॅडम म्हणाले होते. बाकीचं वाक्य हळूहळू आत उतरलं.

“कधी भरली?”

“शेवटच्या दिवशी. दुपारी.”

“आणि आज सांगताय? बंद झाल्यावर?”

“लिस्ट लागल्यावर कळलंच असतं. म्हणलं आधी कानावर घालावं.” ते माझ्याकडे बघत नव्हते, दाराच्या कडीकडे बघत होते. “घरात रोज भांडणं व्हायलीत. पोराची बारावी. जाळी टाकल्यापासनं जीपमधी माझा बी जीव घाबरा होतो. वीस वर्षं मी बी आडगावातच काढली की.”

यातलं खोटं काहीच नव्हतं. वीस वर्षं खरी, जाळी खरी, बारावी खरी. हेच त्यांनी महिनाभर आधी एस.टी.त सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, सर, तुम्हीच घ्या. रडले असते, पण म्हटलं असतं. आणि पोखर्णीच्या रस्त्यावरची जागा पहिल्या नंबरला टाकली असती. मानवतच्या मॅडमची सेवा माझ्यापेक्षा कमी, जागा मला मिळाली असती. सरांनी फाटकाजवळची जागा घेतली याचा मला राग नव्हता आणि आजही नाही. त्यांनी मला स्वतःच्या शब्दावर टेकून उभं केलं, दुसरी काठी माझ्या हातातून काढून घेतली आणि मग बाजूला झाले, त्याचा आहे. ज्या माणसानं पोरांना शिकवलं की जड गोष्ट अशी वाटेवर टाकल्यासारखी सांगायची नाही, त्यानं माझ्या आईचा दुपारचा घास चपलेत पाय घालता घालता काढून नेला.

माझ्या हातातल्या लाल पेननं समोरच्या वहीवर एक लांब रेघ ओढली गेली होती. कुठल्या पोराची वही होती कोण जाणे. सर थोडा वेळ थांबले. मी भांडावं असं त्यांना वाटत असावं. भांडले असते तर त्यांना सोपं गेलं असतं. मग दुसरी चप्पल घालून ते गेले.

यादी लागली. सरांना फाटकाजवळची शाळा मिळाली, मानवतच्या मॅडमना पोखर्णीच्या रस्त्यावरची. माझ्या नावापुढे काहीच नव्हतं, आहे तिथेच. पुढच्या बदल्या कधी निघतील, ते कुणालाच ठाऊक नसतं.

शाळेत निरोप समारंभ झाला. हेडसरांना आतलं काही माहीत नव्हतं. म्हणाले, “पाठक मॅडम, तुमीच बोला. मराठी तुमचं, आन् गडदे बी तुमचेच.” मी नाही म्हणू शकले असते. का म्हटलं नाही, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी उभी राहिले आणि सरांबद्दल बोलले. सायकल आणि टमाटे सांगितले, ‘बाय द वे, वेलकम’ सांगितलं. पोरं टाळ्या पिटत होती, हेडसर डोळे पुसत हसत होते. हॉस्पिटलमधले दोन दिवसही सांगितले, कारण तेही खरे होते. बोलताना माझा आवाज एकदाही हलला नाही, आणि त्याचीच मला घरी गेल्यावर शिसारी आली.

सर उत्तराला उठले. शाल खांद्यावरून घसरत होती, ती सारखी वर ओढत होते. पोरांना अभ्यास करा म्हणाले, गावाचे उपकार मानले. शेवटी म्हणाले, “इतक्या वर्षांत कुणाला काई कमीजास्त बोललो असंल, चुकलं-माकलं असंल, तर पदरात घ्या.” आणि रडायला लागले. सगळे रडले. ती माफी सगळ्या शाळेला वाटून टाकलेली होती, तिच्यातली चिमूटभर माझ्याही वाट्याला आली असेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

त्यानंतर ते घरी आले नाहीत. आई अधूनमधून डाव्या हातानं दाराकडे खूण करून विचारायची, “ग... मास्तर?” मी सांगायची, “त्यांची बदली झाली गं, लांब. कामात असतात.” लांब म्हणजे आमच्या घरापासून दहा मिनिटं, हे तिला सांगून काय उपयोग होता? तिच्यासाठी तरी तो माणूस चांगला राहू दे, असं मला वाटायचं. कधी कधी तिच्याकडे बघून मला त्याचाही राग यायचा, की फसवणूक एकटीनं गिळायची आणि वर फसवणाऱ्याची अब्रूही आपणच झाकायची.

सकाळच्या एस.टी.त मी आता स्वतःच धावून जागा धरते. बहुतेक वेळा उभीच असते.

मी सरांना शेवटचं बघितलं ते या उन्हाळ्याच्या तोंडाशी. सकाळीच नर्मदामावशींचा फोन आला होता, आई घोटभर पाणीसुद्धा घेईना. मी अर्धी रजा टाकून निघाले. परभणीच्या स्टँडवर उतरून रिक्षा केली, तर फाटक बंद. मालगाडी जायची होती. ऊन रणरणत होतं आणि रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी मोटारसायकली दाटीनं येऊन थांबल्या. माझ्या अगदी हाताला लागेल एवढ्या अंतरावर जी गाडी थांबली, तिच्यावर गडदे सर होते.

चेहरा भरला होता. रंग उजळला होता. धूळ नाही, जीप नाही, तब्येत सुधारली होती. त्यांनी आधी इंजिन बंद केलं आणि मग मला बघितलं. आता पुढे जायला जागा नव्हती आणि मागे वळायलाही नव्हती.

“मॅडम... आज अशा अवेळी?”

“अर्धी रजा टाकली. आई जेवत नाहीये.”

मालगाडी आली. ती फार लांब होती. आम्ही दोघंही तिच्या डब्यांकडे बघत राहिलो. आवाजात बोलता येत नव्हतं, ते एका परीनं बरंच झालं. शेवटचा डबा गेल्यावर ते म्हणाले, “आक्काला येतो एकदा बगायला.”

“या,” मी म्हटलं. आणि मग, उत्तर माहीत असताना मी विचारलं. मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. “तुम्ही कुठे निघालात?”

त्यांनी हँडलवरचा हात काढला आणि परत ठेवला. खूप हळू आवाजात म्हणाले, “जेवायला. घरी.”

फाटक वर झालं. सगळीकडून हॉर्न वाजायला लागले. सरांनी स्वतःची गाडी मागे ओढून माझ्या रिक्षाला आधी वाट करून दिली, पण गर्दीतून त्यांची गाडीच पुढे निसटली. किराणा दुकान मागे पडलं, पिठाची गिरणी आली. गिरणीसमोरच्या घरापुढे त्यांनी गाडी लावली. आतून कुणीतरी दार उघडलं. सर डोक्यावरचा रुमाल सोडत आत गेले. मी मोबाइलवर वेळ बघितली. त्यांची सुट्टी दीडला झाली होती. मध्ये फाटक लागलं, अख्खी मालगाडी गेली, तरी एक वाजून बेचाळीस मिनिटांनी ते जेवायला घरी पोचलेसुद्धा होते.